कॉलम समोर दिसतोय, तरी डेटाबेस म्हणतो ‘नाही’!

2023 च्या स्टॅक ओव्हरफ्लो सर्व्हेत पोस्टग्रेएसक्यूएलने मायएसक्यूएलला वापरात मागे टाकलं. म्हणजे कॉलेजात मायएसक्यूएल शिकून नोकरीत पोस्टग्रेसवर काम करणारे आता वाढणार. त्यांना हमखास नडते ती कॅपिटल-स्मॉलची भानगड.

मायएसक्यूएलमध्ये कॉलमचं नाव कॅपिटल लिहा की स्मॉल, चालतं. एसक्यूएलचं स्टँडर्ड सांगतं, कोट्सशिवाय लिहिलेलं नाव कॅपिटल धरा. ओरॅकल तसंच करतं. पोस्टग्रेस उलट, ते स्मॉल करतं. डबल कोट्समधलं नाव मात्र जसंच्या तसं ठेवतं.

खरी गोची इथेच आहे. प्रिझ्मासारखी टूल्स टेबल बनवताना नावांना स्वतःच कोट्स लावतात. मॉडेलमध्ये ‘यूजरनेम’चा ‘एन’ कॅपिटल असेल, तर तो तसाच साठवला जातो. मग तुम्ही कोट्सशिवाय क्वेरी लिहिली, की पोस्टग्रेस सगळं स्मॉल करून शोधतं आणि ‘असा कॉलमच नाही’ म्हणतं. घाबरू नका, डेटा जागेवरच असतो. नावाला डबल कोट्स लावा, क्वेरी चालेल.

पण नवीन प्रोजेक्ट असेल तर सगळी नावं स्मॉल ठेवा, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर द्या. हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर नाव बदलायचं म्हटलं, तर ते वापरणारी एकेक क्वेरी शोधत बसावं लागतं.