‘जनावरे’ या शब्दात घोडी मावत नाही

भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद झाली आहे. पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या जातीला मिळालेली मान्यता निश्चितच आनंददायक आहे. तथापि जातीचे जतन नोंदवहीत होत नसते. ते वाड्यावर, बहुधा रात्रीच्या अंधारात, शिंगरू जमिनीवर येते त्या घटकेस होते. त्या घटकेसाठी आपली विस्तारयंत्रणा सज्ज आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

कीटकशास्त्राचा अभ्यासक या विषयात का शिरतो, याचे उत्तर गोचिडांपाशी आहे. गोचीड-नियंत्रणाच्या सल्ल्यात आपण सरसकट ‘जनावरांवर फवारावे’ असे लिहितो. गाई-मेंढ्यांवर वापरले जाणारे अमिट्राझ घोड्याला मात्र घातक ठरू शकते. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात चारा तुंबतो आणि तीव्र पोटशूळ उद्भवतो. मेंढ्यांसाठी कालवलेले द्रावण उरले म्हणून गाभण घोडीच्या अंगावर ओतणे म्हणजे दोन जीव धोक्यात घालणे होय. घोड्यासाठी सुरक्षित औषध पशुवैद्यकानेच ठरवावे. तोवर कान, आयाळीचे मूळ व शेपटीखालची जागा तपासून गोचीड चिमट्याने काढावेत.

याचा अर्थ गोचिडांकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या थायलेरिया इक्वी या परजीवीचा संसर्ग आईकडून गर्भालाही होऊ शकतो. तबानस गटातील चावऱ्या माश्या सर्रा रोगाचा प्रसार करतात. ताप, रक्तक्षय, पायांवर सूज आणि गर्भपात ही त्याची लक्षणे होत. पावसाळ्यात व त्यानंतर या माश्यांचा उपद्रव वाढतो, आणि दिवाळीनंतर तर अनेक वाडे कोकणाकडे निघतात. म्हणून घोडीची रक्ततपासणी वाडा हलण्यापूर्वीच व्हावयास हवी.

प्रसूतीच्या बाबतीतही गाईचा अनुभव घोडीला जसाच्या तसा लावता येत नाही. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी धनुर्वाताची पूरक लस द्यावी. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर न आल्यास पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. शिंगरू साधारण एका तासात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागावे आणि तीन तासांत वार पडावी. गाईची वार पडण्यासाठी आपण अर्धा दिवस थांबतो, पण घोडीची वार तीन तासांपलीकडे राहिली तर तो आणीबाणीचा प्रसंग समजावा. आईच्या गर्भाशयातून शिंगराला रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ मिळतच नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता एका दिवसात संपते. नाळेला तीव्र आयोडीन लावल्यास कातडी भाजते, त्याऐवजी अर्धा टक्का क्लोरहेक्झिडीनचे द्रावण दिवसातून काही वेळा लावावे. ओल्या नाळेवर माश्या अंडी घालतात आणि बघता बघता तेथे आसाडी पडते. म्हणून पहिला आठवडाभर नाळ रोज पाहावी.

यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक सल्लापत्रकात गाय, मेंढी व घोडी यांसाठी वेगवेगळ्या ओळी असाव्यात. कोणते औषध घोडीला चालत नाही, हे त्यात ठळक छापावे. दिवाळीपूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी वाड्यांवर जाऊन गाभण घोड्यांची यादी करावी आणि वाटेवरील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे दूरध्वनी क्रमांक कुटुंबांना द्यावेत.

वाड्याचे सारे बिऱ्हाड, कोकरे आणि लहान मुलेदेखील घोडीच्या पाठीवरून प्रवास करतात. आपल्या सल्ल्यात तिच्यासाठी निदान एक ओळ असावी, एवढीच अपेक्षा आहे.