ट्रॅक्टर स्वस्त झाला, पण कुणाच्या नावावर?

गळीत हंगाम आला की कसबा बावड्यात राजाराम साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात आणि घराघरांत चर्चा सुरू होते, आपणही एखादं वाहन घ्यावं का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याचे टायर आणि बरेच सुटे भागही १८ वरून ५ टक्क्यांवर आले. ट्रकवरचा करही २८ वरून १८ झाला. पण २०२० पासूनचं बीएस-६ इंजिन आणि २०२५ पासून नव्या ट्रकला सक्तीची एसी केबिन, यांचा भार किमतीवर आहेच. मला विचाराल तर दोन-तीन एकरवाल्या घराला उसाच्या सरीत चालणारा मिनी ट्रॅक्टरच बरा.

पण मैत्रिणींनो, हप्ते संपतात, देखभाल संपत नाही. ऑइल, फिल्टर, टायर सुरूच असतात, आणि डिझेल तर जीएसटीत नाहीच. हा खर्च कित्येकदा बाईच्या दुधाच्या बिलातून भागतो. कागदावर मात्र तिचं नाव नसतं!

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला आणि अल्पभूधारकांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, इतरांना ४०. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण त्यासाठी जमीन नावावर हवी. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं.

तेव्हा शोरूमला जाण्याआधी दोघांनी मिळून तलाठ्याकडे जाऊन या.