जाळलं म्हणून वाचलं

गेल्या एप्रिलमध्ये फॅमिली ग्रुपवर मी एक फोटो टाकला. काळीठिक्कर जमीन, करपलेले पाईनचे बुंधे, मागे धूर. खाली लिहिलं, 'आमच्या इथलं जंगल आज मुद्दाम जाळलं.' लगेच रडक्या इमोजींची रांग लागली. मावशीने विचारलं, "अगं, पोलिसांना कळवलंस का?"

मावशी, ज्यांनी जाळलं त्यांच्यावरच ते जंगल राखायची जबाबदारी आहे.

मी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत राहते. शहराला लागून 'पाईन बुश' नावाचं विरळ जंगल आहे. रेताड जमीन, पिच पाईन, खुरट्या ओकची झुडपं. मधल्या मोकळ्या जागांत मे-जूनमध्ये निळेजांभळे तुरे डोलतात, ते इथलं रानटी ल्युपिन. हे आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातलं. मुळांच्या गाठींतले जिवाणू त्याला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात, त्यामुळे नापीक वाळूतही ते तगतं. दाट सावलीत मात्र टिकत नाही.

'कार्नर ब्लू' या नाण्याएवढ्या फुलपाखराच्या अळ्या फक्त या ल्युपिनचीच पानं खातात. 'लोलिता' लिहिणारा नाबोकोव्ह फुलपाखरांचाही अभ्यासक होता. १९४४ साली या फुलपाखराला शास्त्रीय नाव त्यानेच दिलं. त्याच वर्षी अमेरिकेत स्मोकी नावाचं टोपीवालं अस्वल पोस्टरांवर आलं आणि वणवे रोखा म्हणून सांगू लागलं. आग म्हणजे जंगलाची शत्रू, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आगी विझवल्या गेल्या. झुडपं माजली, सावली दाटली, ल्युपिन आटत गेलं. बाकीच्या वाळूवर रस्ते, घरं आणि मॉल आले. १९९२ मध्ये कार्नर ब्लूचं नाव देशाच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेलं. आणि जंगल? ते तर छान हिरवंगार दिसत होतं!

पिच पाईनची जाड साल आग सोसते, जळलेल्या खोडालाही नवे कोंब फुटतात. ल्युपिनची मुळं खोल वाळूत सुरक्षित असतात. आगीत जातं ते मुख्यतः वरचं झुडपांचं छप्पर. म्हणून इथे वारा, ओलावा, धुराची दिशा बघून जंगल जाळतात. तेही एका वेळी एकच तुकडा, कारण आगीत फुलपाखराची अंडीही जळतात. शेजारचा तुकडा शाबूत असेल, तरच तिथून फुलपाखरं परत येतात. हा हिशेब निर्दय वाटतो. पण काहीच न करणं याहून निर्दय होतं, फक्त त्याचा धूर दिसत नव्हता.

सह्याद्रीत जाऊन काडी ओढा, असं मी म्हणत नाहीये. तिथलं जंगल वेगळं, तिथले वणवे वेगळे. प्रत्येक जागेची गरज वेगळी असते, हाच तर माझा मुद्दा आहे. आणि नेमकं तेच आपल्याला ऐकायचं नसतं. गवताळ माळाला 'पडीक' म्हणायचं, खड्डे खणायचे, गिरिपुष्प लावायचं, सेल्फी काढायची. माळढोकाला उघडा माळ लागतो, हे त्या सेल्फीत कुठे दिसतं? 'हिरवं ते चांगलं' हे निसर्गप्रेम नव्हे, आळस आहे.

यंदा पावसाळ्यात हातात रोप आलं, तर खड्डा खणण्याआधी एवढंच विचारा : इथे आधी काय उगवत होतं?