हप्त्याचा न्याय आणि कोटींचा न्याय

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढील काही महिन्यांचे आपले श्रम गहाण टाकतो. ही प्रथा शोषणाची आहे, हे पटवून देण्यासाठी आता कोणा पंडिताची गरज उरलेली नाही. परंतु त्याच तालुक्यांच्या बाजारपेठांत ‘शून्य व्याज, सुलभ हप्ते’ अशी पाटी लावून फ्रीज, टीव्ही आणि सोफा विकला जातो, तेव्हा मात्र त्याला प्रगती म्हटले जाते! उद्याची मजुरी आजच बांधून घेणे, हेच दोन्ही व्यवहारांचे मर्म आहे. फरक इतकाच की, मुकादमाच्या हातात वही असते आणि हप्तेवाल्याच्या हातात यंत्र.

गृहोपयोगी वस्तूंच्या साखळी-दुकानांचा इतिहास उद्योजकांच्या पराक्रमाची गाथा म्हणून सांगितला जातो. ती गाथा एकदा हिशेबाच्या वहीवरून वाचली पाहिजे. शेवगाव तालुक्यातून उत्तरेस गोदावरी ओलांडून पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे, जाताना चितेगाव लागते. तेथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. त्या लाटेवर धूत कुटुंबाचा हा उद्योग जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने फोफावला. मराठवाड्याच्या मातीत तयार झालेला टीव्ही देशभर पाहिला जातो, याचा अभिमान सर्वांनाच होता आणि तो खोटा नव्हता. कारण तो तेथील कामगारांच्या श्रमांचा अभिमान होता.

पुढे भांडवलाची भूक वाढली. २००५ साली इलेक्ट्रोलक्सचा भारतातील व्यवसाय आणि थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय समूहाने विकत घेतला. तोही जगात सपाट पडद्यांचे युग सुरू होत असताना. माल बनविणाऱ्याने दुकानेही आपलीच थाटली. ‘नेक्स्ट’ या नावाने साखळी पसरली, २००७ साली ‘प्लॅनेट एम’ तीत सामील झाली. नंतर दूरसंचाराचा मोह झाला. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले. त्यांतील २१ या समूहाचे होते. या साऱ्या साहसांमागे बँकांचे कर्ज होते, आणि बँकांचा पैसा म्हणजे अखेर ठेवीदारांचा पैसा.

२०१८ साली दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. मान्य झालेली देणी सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांची होती. त्यांच्या बदल्यात २,९६२ कोटींची योजना बँकांच्या समितीने प्रचंड बहुमताने स्वीकारली. शंभर रुपयांच्या येण्यातील जेमतेम चार रुपये पदरात! माल आणि सेवा पुरविणाऱ्यांच्या वाट्याला तर शंभरात पाऊण रुपयाही येत नव्हता. जून २०२१ मध्ये योजनेला मंजुरी देणाऱ्या न्यायाधिकरणालाच हे केशकर्तन म्हणावे की मुंडण, असा प्रश्न पडला. बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या असहमत धनकोंनी अपील केले आणि ५ जानेवारी २०२२ रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. परंतु शंभरातील शहाण्णव रुपये सोडून द्यायला बँकांचे हात कसे सहज वर झाले, हे त्या मतदानाने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

आता दुसरी वही उघडावी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज दिले पाहिजे. हा आदेश किती वेळा पाळला जातो, हे नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला विचारावे. उसाचे बिल लांबते, हप्त्याची तारीख मात्र लांबत नाही. खात्यात पैसे नसले की दंड, पुन्हा दंड, मग दारात वसुलीवाला आणि पतनोंदीवर कायमचा डाग. या कुटुंबासाठी कोणती समिती बसते? त्याच्या शंभर रुपयांतील शहाण्णव सोडण्यासाठी कोणी हात वर करते काय?

आणि ‘शून्य व्याज’ ही तरी वस्तुस्थिती आहे काय? सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांच्या अशा योजनांना मनाई केली. कारण व्याज अन्य नावाने वसूल होते आणि ग्राहकाला खरा दर कळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बजाज फायनान्सच्या दोन कर्जयोजनांवर तिने निर्बंध घातले. कर्जाचे मुख्य तथ्यपत्रक ऋणकोंना न देणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. मे २०२४ मध्ये ते निर्बंध उठले. पण एवढ्या बलाढ्य संस्थेलाही साधा कागद देण्यासाठी दंडुका दाखवावा लागतो, हा धडा विसरण्याजोगा नाही.

कोणी म्हणेल, समाजवाद्यांना गरिबाच्या घरातील फ्रीज खुपतो. हा कांगावा आहे. मिक्सर आणि धुलाई यंत्र कष्टकरी स्त्रीच्या पाठीवरचे ओझे उतरवितात. ती चैन नव्हे, तो तिचा हक्क आहे. विरोध वस्तूला नाही. मजुरी वाढवायची नाही आणि तिची उणीव कर्जाने भरून काढायची, या नीतीला तो आहे. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेच्या शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा करून दाखविला, त्या जिल्ह्यात सामुदायिक खरेदी अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

कार्यकर्त्यांसमोरचे काम स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांचे तथ्यपत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. गावोगावी ते मराठीत मागावे, मोठ्याने वाचून दाखवावे, न देणाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवावी. आणि त्याबरोबरच ऊसतोडीचा दर व उसाचे वेळेवर बिल यांसाठीचा लढा तीव्र करावा. पुरेशी मजुरी हातात पडू लागली, तर उचलही लागणार नाही आणि हप्ताही!