मुकादमाच्या आधी पोचा

रायगड जिल्ह्यात कातकऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "यांच्या हातात पैसा टिकत नाही." बागायतदार म्हणतो, मास्तर म्हणतात, देणग्या गोळा करणारे समाजसेवकही खासगीत तेच म्हणतात. मग पुढची मतं ओघानेच येतात. फुकटच्या रेशनने माणसं आळशी झाली. रोख दिलं की दारूत जातं. द्यायचंच तर कौशल्य द्या, जागृती करा. ही मतं मला चुकीची वाटतात, आणि चुकीची आहेत त्याहून जास्त सोयीची वाटतात.

आधी रेशन. अंत्योदय योजनेत कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. घरात सहा माणसं धरली तर माणशी दिवसाला दोनशे ग्रॅमही पडत नाही. डाळ, तेल, मीठ, औषध सगळं बाहेरून. एवढ्यावर कुणी आळशी होऊन दाखवावं! "रेशनमुळे मजूर मिळत नाही" ही तक्रार करणाऱ्याने दिवाळीनंतर एखाद्या कातकरवाडीवर चक्कर मारावी. दारं बंद, अंगणात म्हातारी माणसं. बाकीचे वीटभट्टीवर गेलेले असतात आणि तिथे उजाडायच्या आत चिखल तुडवत असतात.

ते तिथे का गेले, याचं उत्तर पावसाळ्यात आहे. भाताची लावणी संपली की हाताला काम नाही. श्रावण-भाद्रपद काढायचा तो ओढ्यातले मासे, खेकडे आणि रानभाजी यांवर. त्यात कुणी तापाने फणफणलं, बाळंतपण आलं, छप्पर गळू लागलं, की रोकड लागते. बँकेला तारण हवं. इथे अनेक वाड्यांची पायाखालची जागाच दुसऱ्याच्या नावावर. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. जंगलावर सरकारी बंधनं आली, तो धंदा गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही मिळालं नाही. अशा वेळी दारात मुकादम येतो आणि बयाणा देतो.

त्यानंतरचा हिशेब असा. दिवाळी झाली की ट्रक येतो, नवराबायकोची जोडी मुलाबाळांसह भट्टीवर. काम हजार विटांवर मोजायचं. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, ती वहीत चढते. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर ते नुकसानही बहुधा जोडीच्याच माथी. पाऊस तोंडावर आला की हिशेब. बयाणा आणि खर्ची वजा जाता काही उरलं तर हातात, आणि बाकी निघाली तर पुढच्या हंगामात फेडायची. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा आणि घेणाऱ्याला अक्षरओळख नाही. पैसा टिकत नाही हे खरंच आहे, कारण कमावण्याआधीच तो खर्चून झालेला असतो.

उचलीच्या बदल्यात नाममात्र मजुरीवर राबवणं आणि दुसरीकडे काम करायची मोकळीक न ठेवणं याला १९७६ च्या कायद्यात वेठबिगारी म्हटलं आहे आणि तो गुन्हा आहे. पण आपण त्याला "त्यांची पद्धत" म्हणतो.

दारूचं काय? वाड्यांवर दारू आहे, तिने संसार उद्ध्वस्त होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की रोख दिल्याने ती वाढते का. मध्य प्रदेशात सेवा या संघटनेने २०११ पासून काही गावांत प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलाला १०० रुपये बिनशर्त दिले, पुढे ३०० आणि १५० केले. दारू वाढल्याचं दिसलं नाही. कर्जं कमी झाली आणि बरेच लोक दुसऱ्याची मजुरी सोडून स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले. जागतिक बँकेच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतले असे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांनाही हेच आढळलं.

कौशल्य आणि जागृतीवाल्या मंडळींबद्दल थोडक्यात. माशांपेक्षा मासेमारी शिकवा हे वचन कातकऱ्याला ऐकवणं म्हणजे विनोदच आहे. आणि व्याज किती जातं, वहीत काय लिहितात याची जाणीव त्याला शिबिराच्या आधीपासून असते. दुसरा मार्ग दाखवायचा असतो, तो शिबिरात नसतो.

मग दान देऊन टाकायचं का? तेही नुसतं पुरत नाही. शेळीवाटपाचा कार्यक्रम सर्वांनी पाहिलेला असतो. मांडव, पाहुणे, दाव्यासकट फोटो. शेळी वितेपर्यंत घरात खायचं काय, हे कुणी विचारलेलं नसतं. भाद्रपदात ती बाजारात उभी राहते आणि वाटणारे म्हणतात, बघा, यांना किंमत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरिबांसाठी कार्यक्रम आखला तेव्हा नेमकं हेच ओळखलं. जनावर दिलं, त्याच्याबरोबर ते उत्पन्न देईपर्यंत खर्चाला पैसे दिले, ते कसं सांभाळायचं ते शिकवलं आणि माणूस नियमितपणे घरी पाठवला. याच धर्तीवर भारतासह सहा देशांत पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मदत संपून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी खाणं आणि मालमत्ता आधीपेक्षा चांगली होती. होंडुरासमध्ये दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथला लाभ टिकला नाही. हेही सांगायला हवं. म्हणजे वस्तू कोणती द्यायची हेही डोकं वापरून ठरवावं लागतं.

भट्टीमालक म्हणतो, "आम्ही नसतो तर हे उपाशी मेले असते." यात तथ्य आहे आणि ते आपल्याला लाजवणारं आहे. मुकादम दारात येतो. अर्ज भरून घेत नाही, जातीचा दाखला मागत नाही, रोख देतो आणि नड असते त्याच महिन्यात देतो. गरजू माणसाला पैसे कसे पोचवावेत हे त्याच्याकडून शिकावं. व्याज म्हणून माणूस नेतो तेवढं सोडावं.

सरकारला हे सुचलं नव्हतं असं नाही. पावसाळ्यात आदिवासींना सावकाराकडे जावं लागू नये म्हणूनच खावटी कर्ज योजना होती. ती बंद पडली. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये खावटी अनुदान जाहीर झालं, कुटुंबाला ४,००० रुपये. त्यातले २,००० खात्यात आणि २,००० चा किराणा: मटकी, चवळी, डाळ, तेल, चहा, गरम मसाला. मंत्रालयात बसून कातकऱ्याच्या कालवणाचा मसाला ठरवला आणि वाटप रेंगाळलं ते २०२१ च्या मध्यापर्यंत. मधला बयाण्याचा हंगाम सबंध निसटला. मदतीची रक्कम चुकण्यापेक्षा तारीख चुकणं मला जास्त गंभीर वाटतं.

रोजगार हमीचंही तसंच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात लाखो लोकांना तगवणारी ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली. पुढे २००५ मध्ये केंद्राने कायदा केला, त्यात मजुरी पंधरा दिवसांत देण्याची हमी होती. पण आठवडेबाजारी तांदूळ घेणाऱ्याला पंधरा दिवसही लांब पडतात, आणि व्हायचा तो उशीर त्याहून बराच मोठा. भट्टीवर खर्ची दर आठवड्याला मिळते. भातकापणी उरकताच वाडीजवळ काम निघालं आणि त्याचे पैसे आठवड्याला हातात पडले, तर ट्रकमध्ये चढणाऱ्या जोड्या कमी होतील. लेकरं शाळेत राहतील हा वरचा नफा.

याला पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्या नोकरदारांनी आपली पगारपत्रिका काढून पाहावी. बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. म्हणजे कातकऱ्याला मदत करायची की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. तुम्ही वर्षाला अडीच हजार देतच आहात. तेव्हा आपल्या आमदाराला दोन गोष्टी विचारा. खावटी गणपतीच्या आधी रोख का मिळत नाही? आणि दिवाळीनंतर कातकरवाडीवर कामाचं मस्टर का निघत नाही?