केळे खाणारा टूकन

पक्ष्यांचे जवळून फोटो काढणे हा एक आजार आहे आणि तो कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर वाढत जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे एक शेजारी कोस्टा रिकाला जाऊन आले. येताना चारशे फोटो घेऊन आले. त्यांतले तीनशे टूकनचे. (टूकन म्हणजे आपल्या कोकणातला धनेश नव्हे हो! चोच दोघांचीही दांडगी, पण टूकन तिकडचा, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला.)

"डोळ्यात माझी टोपी दिसतेय बघा!" शेजारी म्हणाले.

दिसली. टोपी दिसली, चोचीवरचा रंगन् रंग दिसला. जंगल तेवढे दिसले नाही. लांबून, पानांत हरवलेला एखादा टूकन आहे का, म्हणून विचारले, तर म्हणाले, "तसले होते पन्नास-साठ. पुसून टाकले."

आणि दिसले नाही ते फांदीमागे ठेवलेले केळे! तिकडच्या कित्येक लॉजांत अंगणात फांद्या रोवून त्यांवर केळी-पपया मांडतात. टूकन जेवायला येतो, पाहुणे बटन दाबतात आणि घरी येऊन त्याला घनदाट अरण्यातला थरार म्हणतात. ठेवी मिळाव्यात म्हणून आमचे मॅनेजरही खातेदाराला चहा पाजतात. पण त्याला कुणी शिकार म्हणत नाही. निदान त्याच्यासमोर तरी.

खरा टूकन काय करतो? रानफळे गिळतो, दूर जाऊन बिया टाकतो. म्हणजे जंगल पेरतो. संधी मिळाली तर दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी-पिल्लेही पळवतो. रात्री ती प्रचंड चोच पाठीवर टाकून, वर शेपूट पांघरून चेंडूसारखा झोपतो. यातले तीनशे फोटोंत काही नाही. आणि अंगणातल्या केळ्याला तर बीच नसते! पेरणार काय, कपाळ?

2015 साली त्याच कोस्टा रिकात काही पोरांनी एका टूकनची वरची चोच मोडली. ग्रेसिया त्याचे नाव. पुढच्या वर्षी त्याला यंत्रावर छापलेली कृत्रिम चोच बसवली. 2019 मध्ये तिथल्या सरकारने प्राण्यांना जवळ घेऊन सेल्फी काढण्याविरुद्ध मोहीमच उघडली. उगाच नव्हे!

शेजारी म्हणतात, केळे देणारे हात वेगळे आणि चोच मोडणारे वेगळे. असतील. पण हे टूकनला सांगायचे कुणी? आणि स्पॅनिशमध्ये, की शेजाऱ्यांच्या इंग्रजीत?