फोरमन परत जातो कुठे?

एमए मानसशास्त्राच्या वर्गाला ‘नेतृत्व विकास’ शिकवायला घेतला की पहिल्याच तासाला कुणी तरी विचारतं, ‘सर, नेता जन्मतो की घडतो?’ या प्रश्नावर दोन तास सहज जातात, म्हणून तो मी लवकर आटोपतो. राल्फ स्टॉगडिल यांनी 1948 मध्येच तोवरचे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं होतं की, ठरावीक गुण असले म्हणजे कुठेही नेता होता येतं, असं काही दिसत नाही. प्रसंग बदलला की माणसाचं वजनही बदलतं. मला जास्त वेळ घालवायचा असतो तो ट्रॅक्टरच्या कारखान्यातल्या फोरमनवर.

इंटरनॅशनल हार्वेस्टर ही अमेरिकेतली ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं बनवणारी कंपनी. तिचं शिकागोत फोरमनांसाठी प्रशिक्षण केंद्र होतं. हाताखालच्या माणसांशी नीट वागा, त्यांचं ऐकून घ्या, असं तिथे शिकवत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एडविन फ्लाइशमन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला या फोरमनांची पाहणी केली. प्रशिक्षण संपताना फोरमनांची मतं अपेक्षेप्रमाणे मवाळ झालेली होती. मंडळी कारखान्यात परतली आणि त्या मवाळपणाचा मागमूस राहिला नाही. वरचा साहेब जसा वागे, तसा फोरमन वागे. साहेब माणसांची कदर करणारा असेल तर फोरमनही करी, मग तो शिकागोला जाऊन आलेला असो वा नसो.

शनिवारचा हा वर्ग सोडला तर बाकीचा आठवडा मी चाकणकडच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचंच काम करतो, त्यामुळे हे वाचून मला धक्का बसला नव्हता. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस खेळ, गटचर्चा, शेवटी फीडबॅक फॉर्म. त्यावर सगळे ‘उत्कृष्ट’ला खूण करतात, कारण जेवण चांगलं असतं. सोमवारी पहिल्या पाळीला लाइन थांबते, मॅनेजर सगळ्यांदेखत सुपरवायझरला फाडून खातो आणि सुपरवायझर तेच ऑपरेटरला परत करतो. खर्च मात्र नेहमी सुपरवायझरला ‘सुधारण्या’वर. मॅनेजरला बोलवायचं धाडस आमच्या खात्यात कुणाचं नाही, माझंही नाही.

माझे बरेच विद्यार्थी पुढे एचआरमध्ये जातील आणि अशीच शिबिरं भरवतील. म्हणून या विषयाचा अर्धा भाग तरी माणूस जिथे परततो त्या जागेचा असावा, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासक्रम मात्र व्यक्तीभोवतीच फिरतो: चाचण्या, गुणांच्या याद्या, शैलींचे तक्ते. परीक्षेत प्रश्न येतो, ‘नेतृत्वाची व्याख्या सांगून प्रकार स्पष्ट करा.’ मुलं स्पष्ट करतात.

मानसशास्त्रज्ञ जयबल्लभ प्रसाद सिन्हांना क्रमिक पुस्तकात जेमतेम अर्धं पान मिळतं, याचं मला वाईट वाटतं. भारतीय हाताखालच्या माणसाला साहेबाकडून माया हवी असते, आणि चांगला साहेब ती देतो, पण कामाच्या बदल्यात, अशी त्यांची 1980 च्या पुस्तकातली मांडणी. वर्ग इथे एकदम जागा होतो. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एखादा काका किंवा मुख्याध्यापक असतो. पण सिन्हांनी पुढची पायरीही सांगितली होती: माणूस तयार होत जाईल तसा साहेबाने हात सैल सोडावा. आपल्याकडचे साहेब नेमके इथेच अडतात. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसालाही ते ‘आपला पोरगा’च म्हणतात आणि दोनशे रुपयांच्या खरेदीवर सही स्वतःकडे ठेवतात.

असे साहेब मुलांना प्रत्यक्ष कळावेत म्हणून मी त्यांना पुस्तकाबाहेर पाठवतो. ओळखीतला कुणीही सुपरवायझर गाठा, वसतिगृहाचा, कँटीनचा, एसटी आगारातला, आणि त्याच्याविषयी कमी, त्याच्या साहेबाविषयी जास्त विचारा. या मुलाखती वाचायला रविवार जातो. मला मानधन मिळतं तासिकेचं. वर्गात उभा राहिलो तेवढंच काम धरलं जातं. माझी नोकरी आहे म्हणून मला हे परवडतं. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारे, पीएचडी झालेले, सेट-नेट पास झालेले सहकारी याच मानधनावर घर चालवतात आणि कायम जागेच्या जाहिरातीची वाट बघतात.

उद्योगातल्या माणसांना कॉलेजात आणण्यासाठी यूजीसीने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना काढली. त्यांची संख्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, अशी अटही घातली. अट रास्तच आहे. माझ्यासारख्याने शनिवारी येऊन कारखान्याचं वारं आणावं. पण माझ्या तासांमुळे एक जागा रिकामी ठेवायला सोय होत असेल, तर त्या वाऱ्याची किंमत भलताच कुणी मोजतोय.

पुढच्या सत्रासाठी विभागाकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. अंतर्गत गुणांपैकी निम्मे या मुलाखतींना द्यावेत, आणि त्या तपासण्याचा वेळ तासिकांमध्ये धरावा, शिकवणारा मी असो वा दुसरं कुणी. विभागप्रमुख मॅडमनी पहिलीला लगेच होकार दिला. दुसरी त्यांना मनापासून पटली. ती त्यांनी वर पाठवली आहे.